ड्रॉइंगचं बिऱ्हाड: कॅड फाइल दुसऱ्याच्या हाती धड कशी पोचवायची

मी पहिल्यांदा एक मोठं ड्रॉइंग दुसऱ्याला पाठवलं तेव्हा डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या ड्रॉइंगची फाइल, ईमेलला जोडली आणि लगेच पाठवून दिली. माझ्या स्क्रीनवर भिंती, खांब, दारं-खिडक्या, मोजमापं, कोपऱ्यातली टायटल ब्लॉकची चौकट, सगळं जागच्या जागी होतं. समोरच्याच्या स्क्रीनवर मात्र भिंतीच नव्हत्या. फर्निचर तेवढं अधांतरी दिसत होतं. मजल्याचा प्लॅन जिथे असायला हवा, तिथे बारीक अक्षरांत एक ओळ होती: माझ्या कॉम्प्युटरवरच्या कुठल्यातरी फोल्डरचा पूर्ण पत्ता. त्या एका फाइलपायी दोन दिवस फोनाफोनी चालली.

कॅड शिकताना रेषा काढायला सगळे शिकवतात, ड्रॉइंग बांधून द्यायला फारसं कोणी शिकवत नाही. ड्रॉइंग म्हणजे एक फाइल, असं आपल्याला वाटत असतं. खरं तर ते एक अख्खं बिऱ्हाड असतं. मुख्य डीडब्ल्यूजीच्या आत दुसरी ड्रॉइंग जोडलेली असतात, फोटो आणि पीडीएफ खाली अंथरलेले असतात, अक्षरांचे फॉन्ट वेगळे असतात, प्रिंटमध्ये रेषा किती जाड यावी हे सांगणारी फाइल, म्हणजे प्लॉट स्टाइल, आणखी तिसरीकडे असते. तुमच्या कॉम्प्युटरवर हे सगळं आपापल्या जागी असतं, म्हणून ड्रॉइंग पूर्ण दिसतं. ते दुसऱ्याकडेही पूर्ण दिसावं यासाठी काय करायचं, ते इथे पायरीपायरीने सांगते. उदाहरणं बहुतेक ऑटोकॅडची आहेत, कारण सुरुवात बहुतेकांची तिथूनच होते. इतर प्रोग्रॅमचं शेवटी थोडक्यात येईल. कमांडची नावं इथे देवनागरीत असली तरी टाइप इंग्रजीतच करायची आहेत.

आधी समोरच्याला विचारा

पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. फाइल कशात उघडणार आणि तो प्रोग्रॅम कुठल्या आवृत्तीचा आहे? ड्रॉइंगमध्ये बदल करायचे आहेत की नुसतं बघायचं, मोजायचं, छापायचं आहे? आणि एकक कोणतं हवं, मिलिमीटर, मीटर की इंच?

आवृत्तीचा प्रश्न वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. डीडब्ल्यूजी हे नाव एकच असलं तरी आतली रचना दर काही वर्षांनी बदलत आली आहे. आज सहसा भेटतात ती फॉरमॅट २०००, २००४, २००७, २०१०, २०१३ आणि २०१८ या नावांची. जुना प्रोग्रॅम नव्या फॉरमॅटची फाइल उघडू शकत नाही. ऑटोकॅड २०१५ वापरणाऱ्याला २०१८ फॉरमॅटची फाइल दिली, तर ‘फाइल वैध नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि बिचाऱ्याला वाटतं फाइल वाटेत बिघडली. याउलट २०१३ फॉरमॅटची फाइल ऑटोकॅड २०१३पासून पुढच्या सगळ्या आवृत्त्यांत उघडते. समोरच्याकडे काय आहे ते कळायला मार्ग नसेल तेव्हा मी २०१३ किंवा २०१० फॉरमॅटमध्ये देते.

हातातली फाइल कुठल्या फॉरमॅटची आहे हे ऑटोकॅड न उघडताही कळतं. फाइलची एक प्रत घेऊन ती नोटपॅडमध्ये उघडा. आत सगळी न वाचता येणारी चिन्हं दिसतील, पण अगदी सुरुवातीची सहा अक्षरं स्वच्छ वाचता येतात. दोन रोमन अक्षरं ‘एसी’ आणि पुढे चार आकडे. १०३२ म्हणजे २०१८, १०२७ म्हणजे २०१३, १०२४ म्हणजे २०१०, १०२१ म्हणजे २००७, १०१८ म्हणजे २००४ आणि १०१५ म्हणजे २०००. बघून झालं की सेव्ह न करता बंद करा.

नुसतं बघायचं किंवा छापायचं असेल तर डीडब्ल्यूजी द्यायची गरजच नाही, चांगली पीडीएफ पुरते. बदल करायचे असतील तरच पुढचा सगळा खटाटोप.

बिऱ्हाडात कोण कोण आहे ते बघा

बाहेरून जोडलेल्या ड्रॉइंगला एक्सरेफ म्हणतात. ड्रॉइंग उघडून एक्सरेफ ही कमांड द्या. बाजूला एक यादी उघडते. जोडलेली ड्रॉइंग, चित्रं, खाली अंथरलेल्या पीडीएफ, सगळ्यांची नावं, त्यांची सद्यस्थिती आणि त्यांचा पाथ (फाइलचा पत्ता) त्यात दिसतो. एकेका नावापुढे ‘लोडेड’ आहे का ते पाहा. ‘नॉट फाउंड’ दिसलं तर ती फाइल तुमच्याकडेच सापडत नाहीये. तुमच्याकडे नसलेलं समोरच्याला कुठून मिळणार? आधी ती शोधा, नको असेल तर ‘डिटॅच’ करून काढून टाका. ‘अनलोडेड’ म्हणजे जोडलेली आहे पण सध्या बंद ठेवली आहे. ती समोरच्याला हवी की नको, हे तुम्ही ठरवायचं.

चित्रांच्या बाबतीत नवशिक्यांचा हमखास गैरसमज होतो. वर्ड फाइलमध्ये फोटो टाकला की तो फाइलच्या पोटात जातो. ऑटोकॅडमध्ये जोडलेला फोटो किंवा लोगो पोटात जात नाही, फक्त त्याचा पत्ता नोंदला जातो. म्हणून टायटल ब्लॉकमधला लोगो समोरच्याकडे रिकामी चौकट होऊन बसतो.

आता ‘सेव्ह्ड पाथ’ या रकान्याकडे बघा. तिथे ड्राइव्हच्या अक्षरापासून पूर्ण पत्ता लिहिलेला असेल तर त्याला फुल पाथ म्हणतात. घराचा पूर्ण पत्ता दिल्यासारखं आहे ते. समोरच्याच्या कॉम्प्युटरवर त्या नावाची गल्लीच नसते. रिलेटिव्ह पाथ म्हणजे ‘माझ्या शेजारच्या फोल्डरमध्ये’ अशी खूण. अख्खा प्रोजेक्ट फोल्डर उचलून कुठेही ठेवला तरी ही खूण खरी राहते. ऑटोकॅड २०१८पासून नव्याने जोडलेला एक्सरेफ आपोआप रिलेटिव्ह धरला जातो. त्याआधीच्या आवृत्त्यांत फुल पाथ हेच डीफॉल्ट होतं, म्हणून जुन्या ड्रॉइंगमध्ये फुल पाथ भरपूर सापडतात. यादीतल्या नावावर राइट क्लिक करून पाथ बदलता येतो.

आणखी एक बारकावा. एक्सरेफ ‘अटॅच’ आणि ‘ओव्हरले’ अशा दोन प्रकारे जोडता येतो. तुमच्या प्लॅनमध्ये कॉलमचं ड्रॉइंग ओव्हरले म्हणून जोडलेलं असेल आणि समोरच्याने तुमचा प्लॅन आपल्या ड्रॉइंगमध्ये एक्सरेफ म्हणून घेतला, तर त्याला कॉलम दिसणार नाहीत. हा बिघाड नाही, ओव्हरले असंच वागतं. पण माहीत नसेल तर माणूस तासन्‌तास शोधत बसतो.

फॉन्टकडे स्वतंत्र लक्ष द्या. ऑटोकॅडमध्ये दोन जातींचे फॉन्ट चालतात. एसएचएक्स हे कॅडचे स्वतःचे रेषांचे फॉन्ट, आणि टीटीएफ म्हणजे विंडोजचे नेहमीचे फॉन्ट. समोरच्याकडे तुमचा फॉन्ट नसला की ऑटोकॅड स्वतःच दुसरा बसवतं. अक्षरांची रुंदी बदलते, तक्त्यातला मजकूर चौकटीबाहेर सांडतो, व्यासाचं चिन्ह जाऊन तिथे प्रश्नचिन्ह उभं राहतं. ड्रॉइंगमध्ये देवनागरी मजकूर असेल तर विशेष जपा. युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी म्हणजे मुळात रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. तो फॉन्ट गेला की खोल्यांची नावं जाऊन अर्थहीन चिन्हांची रांग उरते. नवीन काम युनिकोडमध्येच टाइप करावं, हे माझं ठाम मत आहे.

लाइनटाइप (तुटक वगैरे रेषांचे प्रकार) आणि हॅच (आकाराच्या आत भरलेली नक्षी) यांची मात्र फारशी काळजी नको. एकदा वापरले की त्यांची माहिती ड्रॉइंगमध्येच साठते. अपवाद एवढाच, की ज्या लाइनटाइपमध्ये मध्ये मध्ये आकृत्या येतात त्यांना त्यांची एसएचएक्स फाइल लागते.

आवराआवर, पण प्रतीवर

मूळ फोल्डरची एक प्रत करा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवरच करा. हा नियम मी एकदाही मोडत नाही.

आधी ऑडिट कमांड द्या, चुका दुरुस्त करू का असं विचारलं की हो म्हणा. मग पर्ज. न वापरलेले ब्लॉक (पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार आकृत्या), लेयर (रेषांचे वेगवेगळे थर), टेक्स्ट स्टाइल यांची अडगळ त्याने जाते. एकदा पर्ज केल्यावर पुन्हा करून पाहा, कारण एका ब्लॉकच्या आत दुसरा अडकलेला असू शकतो. एवढं करूनही फाइल विनाकारण जड वाटत असेल तर पर्जच्या आधी हायफन लावून कमांड द्या आणि रेगॅप्स हा पर्याय निवडा. वर्षानुवर्षं इकडून तिकडे कॉपी होत आलेल्या ड्रॉइंगमध्ये हा अदृश्य कचरा प्रचंड साठलेला असतो.

ड्रॉइंग लेझर किंवा राउटर मशीनवर कापायला जाणार असेल तर ओव्हरकिल ही कमांड नक्की चालवा. एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा स्क्रीनवर एकच दिसतात, पण मशीन त्या दोनदा कापतं आणि कड जळते.

एककही इथेच तपासा. युनिट्स कमांडच्या खिडकीत ‘इन्सर्शन स्केल’खाली मिलिमीटर आहे की इंच ते बघा. मिलिमीटरमध्ये काढलेल्या ड्रॉइंगवर चुकून इंचाची नोंद राहिली, तर समोरच्याने ते आपल्या मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये आणल्याबरोबर २५.४ पट मोठं होतं. नुसती नोंद बदलल्याने काढलेल्या रेषांची मापं बदलत नाहीत, म्हणून ही दुरुस्ती निर्धास्त करा.

शेवटी झूम एक्स्टेंट्स करून, म्हणजे ड्रॉइंगमधलं सगळं एकदम स्क्रीनवर आणून, पाहा. ड्रॉइंग एका कोपऱ्यात ठिपक्याएवढं दिसलं, तर लांब कुठेतरी एखादी भटकी रेष पडलेली आहे. ती शोधून पुसा, फाइल सेव्ह करा.

ईट्रान्समिट: बांधाबांध

हाताने एकेक फाइल गोळा करत बसू नका. हे काम करायला ऑटोकॅडमध्ये ईट्रान्समिट ही कमांड आहे, एलटी या ऑटोकॅडच्या छोट्या आवृत्तीतही आहे. ती दिली की खिडकी उघडते आणि ड्रॉइंगला लागणाऱ्या फाइलींची झाडासारखी यादी दिसते. मुख्य ड्रॉइंग, त्याखाली एक्सरेफ, चित्रं, प्लॉट स्टाइल. प्रत्येकापुढे खूण असते. नको ते काढायचं. यादीत न आलेलं काही द्यायचं असेल, उदाहरणार्थ साहित्याचा तक्ता, तर ‘ॲड फाइल’ने घालायचं.

लगेच ओके दाबू नका. ‘ट्रान्समिटल सेटअप्स’मध्ये जाऊन ‘मॉडिफाय’ उघडा, खरं काम तिथे आहे.

पॅकेजचा प्रकार झिप ठेवा. फाइल फॉरमॅटच्या जागी ‘आहे तेच ठेवा’ असा पर्याय निवडलेला असतो, तो बदलून समोरच्याने सांगितलेली आवृत्ती निवडा. याचा फायदा असा, की सगळे एक्सरेफही त्याच फॉरमॅटमध्ये उतरतात. नुसतं ‘सेव्ह ॲज’ करून मुख्य ड्रॉइंग २०१३ केलं आणि आतले एक्सरेफ २०१८ राहिले, तर मुख्य ड्रॉइंग उघडतं आणि आतलं काहीच दिसत नाही.

फोल्डरच्या रचनेचे तीन पर्याय येतात. सगळं एकाच फोल्डरमध्ये, फोल्डरची आटोपशीर रचना, किंवा मूळ रचना जशीच्या तशी. नवशिक्याने पहिला घ्यावा. एक्सरेफ त्याच्या नोंदलेल्या पत्त्यावर सापडला नाही तर ऑटोकॅड मुख्य ड्रॉइंगच्या शेजारीही शोधतं, त्यामुळे सगळं एकत्र असलं की हरवायला जागाच उरत नाही. अट एकच: वेगवेगळ्या फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली असता कामा नयेत. प्रत्येक मजल्याच्या फोल्डरमध्ये ‘प्लॅन’ नावाची फाइल असेल, तर एकतर नावं बदला नाहीतर मूळ रचना ठेवा.

‘डीफॉल्ट प्लॉटर नन करा’ या ओळीवर खूण करा. तुमच्या प्रिंटरचं नाव ड्रॉइंगमध्ये नोंदलेलं असतं. समोरच्याचं ऑटोकॅड त्या प्रिंटरचा शोध घेत बसतं आणि फाइल उघडायला उगीच वेळ लागतो.

‘फॉन्ट समाविष्ट करा’ हा पर्याय विचार करून वापरा. एसएचएक्स फाइल ड्रॉइंगशेजारी असली तरी ऑटोकॅडला सापडते. टीटीएफ मात्र विंडोजमध्ये इन्स्टॉल करावा लागतो, आणि बरेच टीटीएफ विकत घेतलेले, परवान्याचे असतात. आपण विकत घेतला म्हणजे तो वाटायचा हक्क मिळाला, असं होत नाही. अशा वेळी फॉन्टचं फक्त नाव कळवा, किंवा पाठवायच्या प्रतीत सर्वांकडे असणारा फॉन्ट वापरा.

‘बाइंड’ या पर्यायावर नवीन लोक फार लवकर हात टाकतात. बाइंड केलं की जोडलेली ड्रॉइंग मुख्य ड्रॉइंगच्या पोटात कायमची जातात. एक फाइल होते, हरवण्याची भीती संपते. पण ‘प्लॅन|भिंत’ असं लेयरचं नाव ‘प्लॅन$०$भिंत’ होतं आणि लेयरची यादी वाचवत नाही. ‘इन्सर्ट’ प्रकाराने बाइंड केलं तर नावं साधी राहतात, पण दोन ड्रॉइंगमधले सारख्या नावाचे लेयर एकमेकांत मिसळतात. शिवाय मूळ प्लॅन बदलला तरी बाइंड केलेल्या फाइलमध्ये तो बदल येणार नाही. काम संपलं आहे, शेवटची प्रत सुपूर्द करायची आहे, तेव्हा बाइंड ठीक. काम दोघांनी मिळून पुढे न्यायचं असेल तर नको. आणि बाइंड केलं तरी चित्रं बाहेरच राहतात, ती वेगळी द्यावीच लागतात.

सेटअपला नाव देऊन सेव्ह करा, पुढच्या वेळी एका क्लिकवर मिळेल. मग ‘व्ह्यू रिपोर्ट’ दाबा. हा रिपोर्ट बहुतेक जण न वाचता पुढे जातात. कुठल्या फाइली घेतल्या, कुठल्या सापडल्या नाहीत, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. ‘सापडल्या नाहीत’च्या खाली एकही नाव असेल तर थांबा, मागे जा, ती फाइल शोधा.

सोबतची चिठ्ठी

त्याच खिडकीत टीप लिहायला मोकळी जागा असते. तिथे लिहिलेलं रिपोर्टमध्ये उतरतं आणि पॅकेजसोबत जातं. माझी टीप साधारण अशी असते:

‘मुख्य फाइल: तळमजला-प्लॅन. फॉरमॅट २०१३. एकक मिलिमीटर. एकूण ४ एक्सरेफ, २ चित्रं. प्लॉट स्टाइल सोबत आहे, प्रिंट घेण्याआधी ती प्लॉट स्टाइलच्या फोल्डरमध्ये टाकावी. जिन्याची मापं अजून नक्की नाहीत, त्याभोवती लाल ढग काढला आहे. झिप पूर्ण उघडून मगच ड्रॉइंग उघडावं.’

सहा-सात वाक्यं. त्यातलं शेवटचं वाक्य मी कधीच गाळत नाही, त्याचं कारण पुढे येईल. अर्धवट राहिलेल्या कामाचा उल्लेख तर अवश्य करा. समोरचा माणूस तुमच्या रेषेवर विसंबून पुढचं काम करणार असतो.

याबरोबर ड्रॉइंगची एक पीडीएफही टाका. तुमच्या स्क्रीनवर ड्रॉइंग जसं दिसतं त्याचा तो पुरावा. समोरच्याला डीडब्ल्यूजीत काही कमी आहे का हे पीडीएफशी ताडून मिनिटभरात कळतं.

नावांबद्दल एवढंच: फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहा, म्हणजे यादी आपोआप कालानुक्रमे लागते. ‘फायनल’, ‘नवीन फायनल’ अशी नावं देऊ नका, दोन आठवड्यांनी ती तुम्हालाही उलगडणार नाहीत. फोल्डरच्या आत फोल्डर अशी फार खोल उतरंडही नको. विंडोजमध्ये पूर्ण पाथची नेहमीची मर्यादा २६० अक्षरांची आहे, आणि समोरच्याने झिप आधीच खोल फोल्डरमध्ये उघडली तर ती सहज ओलांडली जाते.

पाठवण्याआधीची परीक्षा

आता झिप तयार आहे. ती दुसऱ्या फोल्डरमध्ये उघडली, ड्रॉइंग छान दिसलं, म्हणजे झालं का? इथेच फसगत होते. ड्रॉइंगमध्ये एखादा फुल पाथ राहिला असेल, तर तुमच्या कॉम्प्युटरवर तो पत्ता खराच आहे. ऑटोकॅड जुन्या फोल्डरमध्ये जाऊन फाइल उचलून आणतं आणि तुम्हाला वाटतं पॅकेज परिपूर्ण आहे.

म्हणून परीक्षा अशी घ्या. ऑटोकॅड बंद करा. मूळ प्रोजेक्ट फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला, शेवटी एखादं अक्षर जोडलं तरी पुरे. मग झिप एखाद्या अनोळखी जागी, डेस्कटॉपवर नवीन फोल्डर करून, पूर्ण उघडा. आता ड्रॉइंग उघडून एक्सरेफची यादी बघा. सगळ्यांपुढे ‘लोडेड’ आलं तर पॅकेज स्वतःच्या पायावर उभं आहे. एखादा सापडला नाही तर नेमका कुठला ते तिथेच दिसेल. झाल्यावर मूळ फोल्डरचं नाव पूर्ववत करायला विसरू नका.

या परीक्षेत फॉन्ट मात्र पकडले जात नाहीत, कारण ते तुमच्या विंडोजमध्ये आहेतच. त्यासाठी दुसराच कॉम्प्युटर हवा. ऑटोकॅड नसलं तरी चालेल. ऑटोडेस्कचा डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू हा प्रोग्रॅम फुकट मिळतो, त्यात ड्रॉइंग बघता येतं आणि एका आवृत्तीतून दुसरीत बदलताही येतं. मी आजही महत्त्वाचं पॅकेज घरच्या दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून पाहिल्याशिवाय पाठवत नाही.

झिपमध्ये काय नसावं हेही याच वेळी बघा. डॉट बॅक या जुन्या प्रती, डीडब्ल्यूएल या कुलूप-फाइली, ऑटोसेव्हच्या फाइली, यांपैकी काही नको. आणि फोल्डरमध्ये एसीएडी नावाची एलएसपी, एफएएस किंवा व्हीएलएक्स फाइल आपोआप आलेली दिसली तर तिला हात न लावता अँटीव्हायरस चालवा. २०१२ साली ईसेट या कंपनीने ‘मेड्रे’ नावाचा ऑटोकॅडचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, उघडकीला आणला. तो ड्रॉइंगशेजारी अशीच एक फाइल ठेवायचा आणि उघडलेली ड्रॉइंग परस्पर ईमेलने बाहेर पाठवायचा. त्याचा सर्वाधिक प्रादुर्भाव पेरू देशात आढळला. लोक ड्रॉइंगचं फोल्डर सरसकट झिप करून एकमेकांना देतात, या सवयीवरच असा वर्म पसरतो. ईट्रान्समिट वापरण्याचं हेही एक कारण आहे, ते ड्रॉइंगला लागणाऱ्या फाइलीच उचलतं.

पाठवणं

जीमेलवर जोडपत्राची मर्यादा २५ एमबी आहे. त्याहून मोठं पॅकेज क्लाउड ड्राइव्हवर चढवा आणि लिंक द्या. लिंक सर्वांना खुली न ठेवता त्या व्यक्तीपुरतीच ठेवा.

क्लाउडवरच्या सामाईक फोल्डरमधून दोघांनी एकच डीडब्ल्यूजी एकाच वेळी उघडून काम करू नका. ऑफिसच्या सर्व्हरवर कुलूप-फाइल दुसऱ्याला अडवते. क्लाउडवर ती वेळेत पोचेलच असं नाही, आणि मग दोन वेगळ्या प्रती तयार होतात. कोणाच्या हाती कधी कोणती फाइल आहे ते बोलून ठरवा.

ड्रॉइंग गोपनीय असेल तर झिपला पासवर्ड लावा. ऑटोकॅडमध्येच ड्रॉइंगला पासवर्ड लावायची सोय २०१६ आवृत्तीपासून काढून टाकली आहे. सेव्हन-झिपमध्ये एईएस-२५६ हा प्रकार निवडा, समोरच्याकडेही तो प्रोग्रॅम असू द्या. पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहू नका, फोनवर सांगा.

पॅकेज तुमच्याकडे आलं तर

झिपवर डबल क्लिक केलं की विंडोज आतल्या फाइली साध्या फोल्डरसारख्या दाखवतं. मोह होतो आणि माणूस तिथूनच ड्रॉइंग उघडतो. त्या वेळी विंडोज फक्त तेवढी एक फाइल काढून एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतं. एक्सरेफ झिपमध्येच राहतात, म्हणून ड्रॉइंग अर्धं दिसतं. त्याहून वाईट म्हणजे तुम्ही दोन तास काम करून सेव्ह केलं, तर ते त्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये जातं आणि नंतर सापडत नाही. चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य यासाठीच. राइट क्लिक, ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’, आणि मग काम.

उघडल्यावर पहिलं माप घ्या. एखादं दार किंवा माहीत असलेली लांबी मोजा. ९०० मिलिमीटरचं दार ९०० आलं तर एकक बरोबर आहे. मग पीडीएफशी ताडून बघा. प्लॉट स्टाइल कुठे ठेवायची ते कळत नसेल तर स्टाइल्समॅनेजर कमांड द्या, नेमकं तेच फोल्डर उघडतं. ड्रॉइंग उघडताना एखादा लिस्प प्रोग्रॅम (ऑटोकॅडच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम) लोड करू का असं विचारलं आणि तो कुठला हे तुम्हाला माहीत नसेल, तर नाही म्हणा.

ऑटोकॅड नसेल तर

ब्रिक्सकॅडमध्येही ईट्रान्समिट याच नावाने आहे. सॉलिडवर्क्स आणि इन्व्हेंटरमध्ये ‘पॅक अँड गो’ असतं. तिथे असेंब्लीची फाइल एकटी दिली तर आत काहीच नसतं, कारण सुटे भाग वेगळ्या फाइलींत असतात. सॉलिडवर्क्सच्या पॅक अँड गोमध्ये ‘ड्रॉइंग समाविष्ट करा’ आणि ‘एकाच फोल्डरमध्ये सपाट करा’ या दोन खुणा जरूर बघा.

दोघांचे प्रोग्रॅमच वेगळे असतील तर मधली भाषा वापरावी लागते. द्विमितीय कामासाठी डीएक्सएफ. ऑटोकॅडबरोबरच १९८२ साली ते आलं आणि आजही लिब्रेकॅड, क्यूकॅड, कापणारी मशीनं, सगळ्यांना कळतं. डीएक्सएफमध्येही एक्सरेफ आणि चित्रं पोटात जात नाहीत, तेव्हा एक्सरेफ आधी बाइंड करा. मशीनसाठी द्यायचं असेल तर आर-१२ हे जुनं फॉरमॅट सहसा कमी त्रास देतं, पण वळणदार स्प्लाइन रेषा त्यात छोट्या तुकड्यांत मोडतात, हे लक्षात ठेवा. त्रिमितीय भागांसाठी स्टेप, म्हणजे आयएसओ १०३०३ हे मानक. त्यात घन आकार नेमका राहतो, मात्र तो कुठल्या पायऱ्यांनी बनवला हा इतिहास येत नाही. एसटीएल थ्रीडी प्रिंटिंगला ठीक, पण त्यात एककाची नोंदच नसते. ‘मापं मिलिमीटरमध्ये’ हे तुम्हालाच लिहून कळवावं लागतं.

एकटा ब्लॉक द्यायचा असेल तर

अख्खं ड्रॉइंग नको, फक्त एक खुर्ची किंवा व्हॉल्व्ह द्यायचा असेल तर डब्ल्यूब्लॉक कमांडने त्याची वेगळी डीडब्ल्यूजी करा. बेस पॉइंट, म्हणजे ब्लॉक टाकताना कर्सर जिथे धरतो तो बिंदू, आकृतीच्याच एखाद्या अर्थपूर्ण बिंदूवर घ्या, दाराचा बिजागरीच्या कोपऱ्यावर, खुर्चीचा मध्यावर. तो दूर कुठेतरी राहिला तर ब्लॉक टाकताना कर्सर एकीकडे आणि खुर्ची दुसरीकडे दिसते. आतल्या रेषा ० लेयरवर आणि रंग ‘बायलेयर’ (लेयरचा असेल तो) ठेवा. मग घेणारा ब्लॉक ज्या लेयरवर टाकेल त्या लेयरचं रूप तो घेतो. तुमचे सतरा लेयर त्याच्या ड्रॉइंगमध्ये घुसत नाहीत. एकक इथेही नोंदवाच, ब्लॉक वाटून घेताना २५.४ पटीची गडबड सर्वांत जास्त होते.